आयपीएला एक स्टार? हे काय पटलं नाही बुवा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गोव्यातल्या क्राफ्ट बिअरवर तुम्ही पानभर लेख छापलात तो आमच्या ग्रुपवर अजून फिरतोय. मराठी पेपरनं बिअरवर नाक न मुरडता लिहिलं हेच आधी मोठं आहे, नाहीतर आपल्याकडं दारूचा विषय पेपरात आला की एकतर अपघात नाहीतर धाड. त्यामुळं लेख बघून बरं वाटलं होतं. पण खाली जे स्टार दिलेत ना ते बघून डोकं फिरलं. गव्हाची बिअर साडेचार, लागर चार, स्टाऊट दोन 'कारण फार जड', गोझे दीड 'कारण आंबट, बहुधा खराब झालेली', आणि आयपीएला, म्हणजे इंडिया पेल एल नावाच्या जास्त हॉप्सच्या बिअरला, एक. का तर म्हणे 'असह्य कडू'.

अहो आयपीए कडू नसेल तर काय गोड असणार काय?

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. आमच्याकडं जॉब टेबलावर आला की आधी ड्रॉइंग उघडतात, मोजायचा व्हर्निअर नंतर. ड्रॉइंग न बघता 'हे भोक जरा मोठं वाटतंय' म्हणून कुणी जॉब रिजेक्टच्या खोक्यात टाकला तर त्यालाच गेटबाहेर काढतील. बिअरच्या बाबतीत स्टाईल म्हणजे ते ड्रॉइंग, बनवणाऱ्यानं काय बनवायला घेतलं होतं ते आधी बघायचं आणि मग जमलंय की नाही ते बोलायचं. तुमच्या लेखकानं पाचही बिअर एकाच मापानं मोजल्या आणि ते माप कुठलं तर आपण कॉलेजपासून पितोय ती थंडगार लागर. जी त्या लागरच्या जवळ गेली तिला स्टार जास्त, जी लांब गेली तिला कमी, एवढंच झालंय त्या पानावर.

कडूपणाचंच घ्या. तो मोजायला आयबीयू नावाचं माप आहे, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं उकळताना त्यातली कडू आम्लं बिअरमध्ये किती उतरली त्याचा आकडा. आपल्या सवयीची हलकी लागर दहाच्या आसपास असते, चेक पद्धतीची पिल्सनर (तीपण लागरच) ३० ते ४५ आणि अमेरिकन पद्धतीची आयपीए ४० ते ७०. म्हणजे ती लागरपेक्षा चार ते सात पट कडू असणं हे ठरवूनच केलेलं असतं. खरं बघायचं ते पुढं. तो कडूपणा स्वच्छ आहे का, घोट गेल्यावर जीभ कोरडी करून निघून जातो का घशाशी खरखरत बसून राहतो, खाली माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, आधार आहे का नुसतंच कडू पाणी. आणि सगळ्यात आधी वास. चांगल्या आयपीएत आंबवण झाल्यावर परत हॉप्स टाकतात, त्यानं कडूपणा फारसा वाढत नाही पण वास येतो. कॅस्केड नावाचे हॉप्स अमेरिकेत १९७२ साली आले, त्यांना पपनसाचा आणि पाइनच्या झाडाचा वास असतो, सिट्रा नावाच्या हॉप्सला आंब्याचा, लिचीचा. लेखात आयपीएच्या वासाबद्दल एक ओळसुद्धा नाही, बहुतेक फ्रीजरमधल्या मगात प्यायली असणार, त्यावर येतोच.

बरं ही बिअर आपल्याच देशाच्या नावानं जगभर विकली जाते, इंडिया पेल एल. खास बोटीच्या प्रवासासाठी शोधून काढली अशी एक गोष्ट सगळीकडं सांगतात ती तशी खरी नाही, जास्त हॉप्सची पेल एल इंग्लंडात आधीपासून होती. लंडनच्या हॉजसनची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या बोटींवरून इकडं यायची आणि काही महिन्यांच्या प्रवासात ती खराब व्हायच्या ऐवजी उलट चांगली मुरायची असं लोकांच्या लक्षात आलं. गंमत म्हणजे पेल एल प्यायचे ते साहेब लोक, साध्या गोऱ्या सोल्जरांसाठी इकडं पोर्टर यायची, काळी. आपल्या बेळगावच्या लष्करी कॅम्पातपण दोन्ही उतरल्या असणार असं मला राहून राहून वाटतं. म्हणजे बेळगावात आयपीए काय आज येत नाहीय.

आता साडेचार स्टारवाली. गव्हाच्या बिअरला 'केळ्याचा इसेन्स घातल्यासारखा छान वास' असं लिहिलंय. इसेन्स वगैरे काय नसतो हो! जर्मन पद्धतीच्या हेफेवायझनमध्ये जे यीस्ट वापरतात ते आंबवतानाच केळ्याचा आणि लवंगेचा वास तयार करतं, हे त्या यीस्टचं कामच आहे. फक्त केळं आलं आणि लवंग गायब असेल तर ती हेफे माझ्या मते अर्धीच झाली. याउलट बेल्जियन विट पण गव्हाचीच आणि दिसायलापण तशीच गढूळ, पण तिच्यात खरोखर धणे आणि संत्र्याची साल घालतात. ही स्टाईल बेल्जियममध्ये जवळजवळ मेली होती, १९६६ मध्ये पिएर सेलिस नावाच्या माणसानं हूगार्डन गावात ती परत सुरू केली आणि आज आपल्याकडं जी 'व्हाईट' म्हणून मिळते ती बहुतेक त्याच घराण्यातली. आमच्या घरात मी एकदा विट उघडली तर स्वयंपाकघरातनं आईनं विचारलं धणे कोण भाजतंय. त्याहून चांगलं परीक्षण मी अजून वाचलेलं नाही. तुमच्या लेखात मात्र हेफे आणि विट दोन्हीला नुसतं 'गव्हाची' म्हणून एकाच पोत्यात घातलंय.

स्टाऊटचं तर फारच वाईट वाटलं. 'काळी, जड, दोन ग्लासात माणूस आडवा'. आपल्याकडं हा समज पक्का आहे, काळी म्हणजे कडक. काळा रंग येतो तो जव काळपट होईपर्यंत भाजल्यामुळं, त्याचा अल्कोहोलशी काय संबंध नाही. ड्राफ्ट गिनेसमध्ये अल्कोहोल ४.२ टक्के, आणि बेल्जियमची डुव्हेल सोन्यासारखी पिवळी, दिसायला एकदम सोज्वळ, तिच्यात ८.५. आडवं कोण करेल सांगा. स्टाऊटमध्ये भाजलेल्या कॉफीचा, कडू चॉकलेटचा वास शोधायचा, आणि एक आगाऊ सल्ला देतो, सोबत चकली-फरसाण नको, आपला कुंदा घ्या. परतून तांबूस झालेला कुंदा छोट्या चमच्यानं जिभेवर ठेवायचा आणि वरनं स्टाऊटचा घोट, खव्याचा गोडवा आणि भाजक्या जवाचा कडूपणा एकमेकांना असे काय धरतात की बस. पुण्याचे पाव्हणे आले की आम्ही हेच खायला-प्यायला देतो, आधी तोंड वाकडं करतात आणि मग कुंद्याचा डबा रिकामा.

गोझे आंबट होती म्हणून खराब, हे वाचून मात्र हसू आलं. ती आंबटच असते. जर्मनीतली जुनी स्टाईल, गोस्लार गावच्या नावाची, पुढं लाइपझिगमध्ये वाढली, तिच्यात लॅक्टिक म्हणजे दह्यासारखा आंबटपणा, मीठ आणि धणे असतात. मीठ आणि आंबट एकत्र आलेलं आपल्या माणसाला नवीन आहे काय? सोलकढी पिणारे आपण लोक. बांगडा फ्रायबरोबर गोझे घेऊन बघा, मग खराब म्हणा. आता आंबट बिअर कधीच खराब नसते असं नाही, आयपीए किंवा लागर आंबट लागली तर ती नक्की बिघडलेली, पण हेच तर सांगतोय, कुठल्या स्टाईलमध्ये काय चालतं ते आधी माहीत पाहिजे.

खरे दोष वेगळेच असतात आणि ते लेखात कुठंच नाहीत. लोण्याचा, थिएटरातल्या पॉपकॉर्नचा वास आला तर ते डायअसेटिल, लागरमध्ये हा दोषच, एकतर आंबवण घाईत उरकलेलं असतं नाहीतर नळाच्या पायपा धुतलेल्या नसतात. बंगळूरला एका पबमध्ये माझ्या लागरला असा लोण्याचा वास आलेला, वेटरला सांगितलं तर म्हणतो सर ये हमारा क्रीमी टेस्ट है. उकडलेल्या मक्याचा वास, कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास, भिजलेल्या पुठ्ठ्याची चव, हे सगळं साध्या लागरमध्ये आलं की कुठंतरी चुकलंय. पुठ्ठा म्हणजे बिअरला हवा लागली किंवा ती उन्हाळ्यात कुठंतरी शिजली. हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीत उजेड लागला की हॉप्समधली कडू द्रव्यं बिघडतात आणि एक उग्र घाण वास येतो, म्हणून तर तपकिरी बाटली नाहीतर कॅन. अशा गोष्टीला एक स्टार द्या, मी स्वतः टाळ्या वाजवीन.

आता त्या बिअरच्या मगाबद्दल. फोटोत सगळ्या बिअर बर्फाळलेल्या मगात दिसतात. लागरला ४ ते ७ डिग्री ठीक आहे पण आयपीए, स्टाऊट वगैरे ८ ते १२ वर आल्याशिवाय बोलतच नाहीत, एकदम गार बिअरमध्ये जीभ बधिर आणि वास बंद. आणि क्रम! लेखात लिहिल्याप्रमाणं आधी आयपीए, मग लागर, मग गोझे. एवढ्या कडूनंतर जीभ ताळ्यावर येईपर्यंत लागर पाण्यासारखीच लागणार. हलक्यापासून सुरू करायचं, कडू आणि भाजकं शेवटी, मध्ये पाणी आणि कोरडा पाव, ग्लास लहान. लहान ग्लासचा अजून एक फायदा म्हणजे माणूस चाखतो, पीत नाही, आणि गाडी चालवणाऱ्यानं तर तेपण नको, गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाची वळणं कुणाची ओळख ठेवत नाहीत.

चोर्ल्यावरनं आठवलं. 'येताना चार-सहा कॅन डिकीत टाका' हा लेखातला सल्ला कृपया मागं घ्या. एकतर परमिट नसताना गोव्याची दारू कर्नाटकात आणणं गुन्हा आहे आणि कणकुंबीच्या नाक्यावर गाडी कधी थांबवतील सांगता येत नाही. तीन राज्यांच्या कोपऱ्यात राहून तीन दर आणि तीन नियम आपल्याला पाठ असतात, तरी पेपरात छापून कशाला. आणि दुसरं, एप्रिल-मेमध्ये बंद डिकीत दोन-तीन तास गेलेल्या आयपीएचा आंबा-लिची कुठल्या कुठं जातो आणि मागं कडू तेवढं उरतं. मला तर शंका आहे तुमच्या लेखकाची एक स्टारवाली आयपीए अशीच डिकीतनं आली असावी. कॅनच्या बुडाला किंवा कडेला पॅकिंगची तारीख असते ती छापत जा, कुठं प्यायली ते छापा, नळाची का कॅनची ते छापा. एवढं असलं तर वाचणाऱ्याला काहीतरी कळेल.

अमेरिकेत बिअरच्या परीक्षकांची बीजेसीपी म्हणून संस्था आहे, १९८५ पासूनची. त्यांचा कागद ५० मार्कांचा: चवीला २०, वासाला १२, एकूण मत १०, तोंडातला पोत ५ आणि रंग-फेस वगैरे दिसण्याला फक्त ३. तुमच्या लेखात रंग आणि फेसावरच अर्धा कॉलम गेलाय. म्हणजे तो कागद जसाच्या तसा घ्या असं नाही, मलासुद्धा मार्कं देत बसायचा कंटाळा येतो, पण कशाला किती वजन द्यायचं ते त्यातनं कळतं.

लेखकाचा मी रागराग करत नाही. आपल्या भागात मिळतं काय तर बहुतेक स्ट्राँग, टेबलावर पहिला प्रश्न 'किती परसेंट' आणि शेवटचा प्रश्नपण तोच, चवीबद्दल बोललं तर मित्र म्हणतात लई शहाणा झालास की रे. आमच्यातला एकजण आयपीएचा पहिला घोट घेऊन म्हणालेला, 'काय ओ हे, काढा हाय की काय'. आता तोच गोव्यात गेला की आधी तीच मागतो. २००९ मध्ये पुण्यात डूलाली नावाच्या पबनं स्वतःची बिअर काढली, २०१० मध्ये बंगळूरला टॉइट हा तसाच पब आला, तिथल्या लोकांना रोज चाखून सवय झाली. आपल्याला ती ताजी प्यायला घाट उतरावा लागतो नाहीतर रात्रीची बस धरावी लागते, म्हणून तर पेपरात लिहिणाऱ्यावर जास्त जबाबदारी येते ना, तुम्ही एक स्टार छापला की इथला माणूस आयुष्यभर ती ऑर्डर करणार नाही.

तेव्हा लेखकाला एवढंच सांगा, पुढच्या वेळी गोव्यात तीच आयपीए तारीख बघून ताजी घ्या, तिथंच बसून, साध्या काचेच्या ग्लासात, फ्रीजमधनं काढून दहा मिनिटं ठेवून. आधी नाक, मग जीभ. त्यानंतरपण एकच स्टार द्यावासा वाटला तर खुशाल द्या, फक्त कारण 'कडू' सोडून दुसरं काहीतरी लिहा.

आपला,
एक नेहमीचा वाचक,
टिळकवाडी, बेळगाव