बाबा, इथे फॉल्टच माल आणतो

प्रिय आई-बाबा,
नमस्कार. नागपूर तापलं असेल, कूलरची खस बदलून घ्या आणि आई, बाबांना त्यासाठी गच्चीवर चढू देऊ नकोस.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात की मनसरच्या खाणीत आम्ही थर धरून चालायचो, फॉल्ट (खडक तुटून सरकलेली भेग) आला की मँगनीज गायब, मग तू फॉल्ट काहून शोधून राहिली? तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही.

इथे कॅनडातल्या क्यूबेकमधे, नोरांडाच्या भागात, जे तांबं-जस्त आहे ते साधारण 270 कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी ज्वालामुखी चालू असतानाच तयार झालंय. समुद्राचं पाणी भेगांतून खाली मुरायचं, मॅग्माच्या, म्हणजे खाली वितळलेल्या खडकाच्या, उष्णतेने तापायचं, खडकातले धातू विरघळवून घ्यायचं आणि फॉल्टच्या वाटेने वर यायचं, मग तळाशी थंड पाणी लागलं की ते धातू गंधकाशी जुळून सल्फाइड होऊन तिथेच साचायचे. 1979 मधे पॅसिफिकच्या तळाशी ॲल्विन पाणबुडीतून असंच साधारण 350 डिग्रीचं काळं पाणी उसळताना लोकांनी बघितलंय, म्हणजे हे आजही चालू आहे!

तुम्ही सांगता ते फॉल्ट नंतरचे, तयार थर तोडणारे. आम्हाला ज्वालामुखीच्या काळातलेच हवे असतात. त्यांची एक खूण म्हणजे फॉल्टच्या खचलेल्या बाजूला त्याच वेळचा थर एकदम जाड होतो.

पण थर धरून चाला हे तुमचं म्हणणं इथेही खरंच आहे. लाव्हा सतत येत राहिला तर माल, म्हणजे हे सल्फाइड, साचायला वेळच मिळत नाही, तो थांबला की राख-गाळाचा पातळ थर बसतो आणि त्याच काळात माल वाढतो, म्हणून आम्ही तो थर मैलोन् मैल धरून जातो आणि जुना फॉल्ट त्याला कुठे भेटतो ते बघतो. राखेचा थर सच्छिद्र असला तर गरम पाणी तळाखालीच आडवं पसरतं आणि खडकाची जागा सल्फाइड घेतं, मला हा प्रकार सगळ्यात आवडतो. मालाखालचा खडक क्लोराइट नावाच्या खनिजाने हिरवा पडतो, त्यावरून मुळात खालची बाजू कुठली ते कळतं, कारण नंतर घड्या पडून सगळे थर कललेले नाहीतर उभे झालेले असतात.

आपल्या बैतूलच्या पट्ट्यातही ज्वालामुखी खडकातलं जस्त-तांबं आहे, तिथे अजून खूप ड्रिलिंग व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. दिवाळीत येते तेव्हा मुलताईमार्गे जाऊन येऊ का? गुडघा झेपेल एवढंच चालू, थर तुम्ही धरा, फॉल्ट मी शोधते.

तुमची,
छकुली