गाविलगडावर मदतीला धावून आलेल्यांचे आभार

आमचा गट चिखलदऱ्याहून गाविलगडावर गेला, त्या दिवशी वारा इतका जोराचा होता की तटावर उभे राहणेही अवघड झाले आणि त्यातच आमच्यातील एका काकूंचा पाय मुरगळला. त्या वेळी ज्या कोरकू आदिवासी बांधवांनी दरीच्या कडेपासून दूरची, आडोशाची पायवाट दाखवली, आणि ज्या अनोळखी तरुणांनी काकूंना आळीपाळीने आधार देत शार्दूल दरवाज्यातून खाली आणले, त्यांचे आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. १८०३ साली इंग्रजांनी तोफांनी तट फोडून घेतलेला हा किल्ला अर्धाच पाहून झाला, पण त्याची आम्हाला खंत नाही. मदतीला आलेल्या या मंडळींनी पैसे घेतले नाहीत, नावेही सांगितली नाहीत. एकाचा दुपट्टा मात्र काकूंच्या पायाला बांधलेला आमच्याकडेच राहिला असून, तो धुऊन चिखलदऱ्याच्या बसस्थानकाजवळील चहाच्या टपरीवर ठेवला आहे. कृपया घेऊन जावा.