बाबा, काशीच्या सहलीचे पैसे अजून घेऊ नका

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, भजनी मंडळातली बरीच माणसं काशीला यायला तयार आहेत, काहींनी तर पैसेसुद्धा आणून दिले. ऐकून फार आनंद झाला. मी नोकरी सोडली तेव्हा तुम्ही कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलत नव्हता, आणि आता माझ्या सहलींच्या ऑफिससाठी गावभर फिरताय. पण ते पैसे तेवढे परत देऊन टाका. का ते फोनवर घाईघाईत नीट सांगता येईना, म्हणून सविस्तर लिहिते.

साडी घेताना हातात घेऊन, पदर उलगडून बघता येतो. सहल तशी बघता येत नाही. माणूस दोन-तीन महिने आधी पैसे देतो आणि नुसत्या भरवशावर थांबतो. तेवढा काळ ते पैसे आपल्या खात्यात पडून असतात आणि हळूहळू आपलेच वाटायला लागतात. गाळ्याचं भाडं थकलं, की त्यातून दिलं जातं. मागच्या सहलीच्या हॉटेलचं देणं पुढच्या सहलीच्या आगाऊ रकमेतून भागवलं जातं. मग एखाद्या हंगामात बुकिंग कमी आलं की सगळंच कोसळतं. टूरवाला पळाला म्हणतात, त्यातले सगळे चोर नसतात. बरेचजण असेच बुडालेले असतात. मला त्या वाटेला पाऊलसुद्धा टाकायचं नाही. म्हणून लोकांच्या आगाऊ रकमेचं खातं मी वेगळं ठेवलंय. ज्या सहलीचे पैसे, त्या सहलीलाच लागतील. पैसे थेट त्या खात्यात यावेत, प्रत्येकाला पावती मिळावी आणि पावतीवर रद्द केल्यास किती परत मिळणार हेही छापलेलं असावं. तुमच्या शब्दावर कुणी तुमच्या हातात नोटा ठेवल्या आणि उद्या काही कमी-जास्त झालं, तर गावात मान तुमची खाली जाईल. ते मला चालणार नाही.

शिवाय तारीखच अजून ठरलेली नाही. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं इतकं असतं की गाड्या कित्येक तास उशिरा धावतात, आणि म्हाताऱ्या माणसांना थंडी सोसत नाही. काशीतल्या देवदिवाळीला, म्हणजे कार्तिक पौर्णिमेला, हॉटेलांचे दर भिडतात आभाळाला. म्हणून फेब्रुवारीचा शेवट, महाशिवरात्रीची गर्दी टाळून, हेच बरं. तोवर उन्हाळ कांद्याची लागवड उरकलेली असते आणि काढणीला वेळ असतो. द्राक्षवाल्यांना तेव्हा जमणार नाही, त्यांना आधीच तसं सांगा.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. म्हणजे आपली तिकिटं डिसेंबरच्या शेवटी निघतील, त्याआधी कुणालाही पक्कं सांगता येणार नाही. नाशिकरोडहून महानगरी एक्सप्रेस थेट वाराणसीला जाते, तीच बघतेय. ‘नाहीच मिळालं तर तत्काळमध्ये काढ’ असं तुम्ही म्हणालात, पण जुलै 2025 पासून तत्काळ उघडल्यावर पहिली 30 मिनिटं एजंटाला तिकीट काढताच येत नाही, आणि तेवढ्यात बहुतेक जागा संपलेल्या असतात. ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, तेही मंडळींच्या कानावर घाला. खालचा बर्थ मात्र मागता येतो. पुरुष 60 पुढचे आणि बायका 45 पुढच्या असतील तर त्यांचा वेगळा कोटा असतो, पण एका तिकिटावर फार तर दोघं. म्हणून सगळ्यांचं एकत्र तिकीट न काढता मी जोडीजोडीनं काढणार आहे. डबे कदाचित वेगळे पडतील. कुणी नाराज झालं तरी चालेल, गुडघे दुखणाऱ्या माणसाला वर चढायला लागू नये.

माणशी खर्चाचा आकडाही सध्या कुणाला सांगू नका. सहलीच्या रकमेवर 5 टक्के जीएसटी असतो, तो धरूनच दर सांगायला हवा. सेवेच्या धंद्यात 20 लाखांच्या आत उलाढाल असेल तर नोंदणी सक्तीची नसते, पण यात नुसतं आपलं कमिशन धरत नाहीत, सहलीची पूर्ण रक्कम धरतात. काही मोठ्या सहली झाल्या की ती मर्यादा संपते. त्यामुळे मी आधीच नोंदणी करून टाकली.

आता मुदत ठेवीबद्दल. बाबा, ती मोडू नका. मी ते पैसे घेणार नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय, आणि या वयात हाताशी पैसा असलेला बरा. पर्यटन विभागाचं 2023 चं महिलांसाठीचं ‘आई’ धोरण आहे, त्यात मी अर्ज केलाय. 15 लाखांपर्यंतच्या बँक कर्जावरचं व्याज, 12 टक्क्यांच्या मर्यादेत, सरकार परत देतं. 7 वर्षं किंवा एकूण साडेचार लाख व्याज, जे आधी होईल तोपर्यंत. हप्ते वेळेवर भरायला हवेत, एवढंच. मला त्यातलं थोडंसंच कर्ज लागेल. नाशिकला 2027 मध्ये सिंहस्थ आहे, तोवर माझा जम बसायला हवा.

आई, तुझ्याकडून एक काम हवंय. बायका बाबांना सांगणार नाहीत, पण तुला सांगतील. कुणाला चालवत नाही, कुणाला रात्री सारखं उठावं लागतं, कुणाची साखरेची गोळी वेळेवर लागते, हे सगळं विचारून ठेव. विश्वनाथाच्या देवळाजवळ गाडी जात नाही, गोदौलिया चौकापासून चालावं लागतं, आणि घाटांच्या पायऱ्या उंच आहेत. किती जणींना जमणार नाही हे आधी कळलं तर देवळाच्या जवळचं हॉटेल बघेन, चार पैसे जास्त गेले तरी. आणि तू स्वतःचं खरं सांग. ‘मला काही होत नाही’ म्हणू नकोस.

बाबा, वहीत नावं आधार कार्डावर आहेत तशीच लिहा, शेजारी वय आणि फोन नंबर. मी पुढच्या रविवारी येतेय, तेव्हा मंडळाच्या लोकांना देवळात बोलावून घ्या. दर, तारखा आणि पैसे परत देण्याचे नियम मी स्वतः सगळ्यांसमोर वाचून दाखवेन.

तुमची,
लेक