कागद दडवणाऱ्याची एवढी काळजी कशाला?

संपादक महोदय,

कालच्या नवी मुंबई पानावरचा वकीलसाहेबांचा लेख वाचला आणि डोकं तापलं. कोर्टाने सांगूनही कागद हजर केले नाहीत म्हणून प्रतिवादीचा बचावच काढून टाकणं, म्हणजे त्याला आपली बाजू मांडू न देणं, हा अन्याय, असं त्यांचं म्हणणं. साहेबांनी एकदा आमच्या बाजूला उभं राहून बघावं.

नवी मुंबईसाठी गेलेल्या वडिलांच्या जमिनीपोटी सिडकोच्या (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) साडेबारा टक्के योजनेतला, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारा, प्लॉट मिळाला. आम्ही बहिणींनी हिस्सा मागितला की भाऊ म्हणायचा, कागद सिडकोतच अडकलेत. शेवटी वाटपाचा दावा लावला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 11 खाली अर्ज दिला, कोर्टाने मंजूर केला, म्हणजे तुझ्याकडे कुठले कागद आहेत ते शपथेवर सांग. त्याने आधी तारखा घेतल्या आणि मग ॲफिडेव्हिट दिलं की माझ्या ताब्यात एकही कागद नाही. आम्ही इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) शोधला, नक्कल काढली तर सिडको, प्लॉटधारक आणि बिल्डर यांच्यातला त्रिपक्षीय करार निघाला, त्यावर ह्याचीच सही आणि बिल्डरकडून ह्याच्या एकट्याच्या नावावर दोन फ्लॅट! हे सगळं कोर्टापुढे ठेवलं तर काय झालं, पाचशे रुपये कॉस्ट, म्हणजे दंडादाखल खर्च, आणि पुढची तारीख. सख्खा भाऊ शपथेवर खोटं बोलला त्याची किंमत पाचशे रुपये.

त्याच ऑर्डर 11 च्या रूल 21 मध्ये सरळ लिहिलंय, वादीने हुकूम मोडला तर दावा फेटाळता येतो, प्रतिवादीने मोडला तर बचाव काढता येतो. हे टोकाचं पाऊल आहे, जाणूनबुजून हट्टाने हुकूम मोडला तरच उचला असं सुप्रीम कोर्टाने 1978 मध्ये बब्बर स्युइंग मशीनच्या केसमध्ये सांगितलं, ते मला मान्य आहे. पण सही केलेला करार माझ्याकडे नाहीच म्हणणं जाणूनबुजून नाही तर काय आहे? आणि सुप्रीम कोर्टाचाच 1993 चा चेंगलवराया नायडू केसमधला निकाल लेखात कसा नाही? तो पण वाटपाचाच दावा होता. वादीने स्वतः लिहून दिलेलं हक्कसोडपत्र दडवलं होतं, म्हणून त्याला मिळालेला हुकूमनामा फसवणुकीचा ठरला.

कंपन्यांच्या मोठ्या व्यवहारांच्या दाव्यात 2015 च्या कायद्याने सगळ्या कागदांची यादी सुरुवातीलाच शपथेवर द्यावी लागते. मग गावठाणातल्या बहिणींच्या दाव्यात तेवढी सक्ती का नको?

अजून एक. टायटलच्या (जमिनीच्या मालकीहक्काच्या) जाहीर नोटिसा तुम्ही इतक्या बारीक टायपात छापता की चष्मा लावूनही वाचता येत नाहीत. आमच्या प्लॉटची नोटीस तुमच्याच पेपरात आली होती म्हणे, 14 दिवसांत हरकत घ्या अशी. घरात पेपर रोज येतो तरी आम्हाला कोणाला ती दिसली नाही. निदान गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर तरी ठळक छापा.

– एक वाचक, घणसोली