प्रतिकारसंस्थेवरून घेतलेली वर्गवारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृत्रिम बुद्धिमत्तेवरील लेखांत मेंदूवरून सुचलेल्या न्यूरल नेटवर्कचाच उल्लेख होतो; शरीराच्या प्रतिकारसंस्थेवर बेतलेल्या पद्धती मात्र उपेक्षित राहतात, याची खंत वाटते. ब्राझीलमधील काम्पिनास येथे लिआंद्रो द कास्त्रो आणि फर्नांडो फॉन झुबेन यांनी २००० च्या सुमारास मांडलेली ‘एआयनेट’ ही नोंदींचे साम्यानुसार समूह शोधणारी पद्धत त्यांपैकीच एक. प्रतिकारशास्त्रज्ञ नील्स येर्ने यांची १९७४ ची प्रतिकारजालाची, म्हणजे प्रतिकारसंस्थेचे घटक एकमेकांनाही ओळखून जाळे बनवतात ही, कल्पना तिच्या मुळाशी आहे.

या पद्धतीत प्रत्येक नोंदीला प्रतिजन (शरीरात शिरलेला परका घटक) मानतात. तिच्याशी सर्वाधिक जुळणाऱ्या प्रतिपिंडांच्या (म्हणजे येथे नोंदींच्या संभाव्य प्रतिनिधींच्या) अधिक प्रती काढल्या जातात, जुळणी जितकी चांगली तितके त्यांत कमी बदल केले जातात आणि एकमेकांशी फार साम्य असलेली प्रतिपिंडे वगळली जातात. या छाटणीमुळेच मोठ्या विदासंचाचे (डेटाचे) सार मोजक्या प्रतिनिधींत उतरते. या सर्व प्रतिनिधींना कमीत कमी एकूण लांबीत जोडणाऱ्या ‘किमान वृक्षा’तील अवाजवी लांब दुवे तोडले की समूह दिसू लागतात. के-मीन्स या प्रचलित पद्धतीत समूहांची संख्या आधी सांगावी लागते, तशी येथे लागत नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

अर्थात, छाटणीची मर्यादा वापरकर्त्यालाच ठरवावी लागते, आणि ती सैल धरली, म्हणजे थोड्या साम्यावरही प्रतिपिंडे वगळली, तर जवळजवळचे समूह एकमेकांत मिसळतात. शिवाय नोंदी कुठे दाट व कुठे विरळ होत्या, ही माहिती प्रतिनिधींत बरीचशी हरवते, म्हणून रुग्णांच्या किंवा जनुकांच्या नोंदींवर ही पद्धत वापरताना निष्कर्ष मूळ नोंदींशी ताडून पाहणे अत्यावश्यक आहे. या गुणदोषांसह तिचा परिचय आपल्या विज्ञान पुरवणीत सविस्तर यावा, ही विनंती.

आपला,
संगणकशास्त्राचा एक अध्यापक