बटण दाबलं की लूप होतं, गाणं व्हायचं बाकी असतं

महोदय,

मागच्या रविवारी आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी विचारलं होतं, की हे लॅपटॉपवरचं नाचाचं संगीत म्हणजे चार बटणं दाबली की झालं, त्यात शिकायचं ते काय? मी संगीतकार नव्हे. तीस वर्षं रेडिओ आणि टेप दुरुस्त केले, चष्म्याचा नंबर वाढला तसं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं, आणि वयाच्या ५८ व्या वर्षी भाचीने लॅपटॉपवर घालून दिलेल्या सॉफ्टवेअरवर हाउस आणि टेक्नो हे नाचाच्या संगीताचे प्रकार करायला शिकू लागलो. त्याला आता तीन वर्षं झाली, म्हणून हे उत्तर.

त्या गृहस्थांचं निम्मं मला मान्य आहे. आठ बारचं (बार म्हणजे चार मात्रांचं आवर्तन) लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, खरंच दहा मिनिटांत होतं. प्रत्येक मात्रेवर किक (मोठ्या ड्रमचा ठोका), दुसऱ्या-चौथ्यावर क्लॅप (टाळी), दोन किकच्या मधोमध हाय-हॅट (छोटी झांज), खाली बेस (खर्जाचे सूर). मान आपोआप डोलायला लागते. घोडं पेंड खातं ते इथेच. ते आठ बार इतके गोड लागतात की माणूस तेवढेच फिरवून फिरवून ऐकत बसतो, आणि झोपायची वेळ होते तरी नववा बार काही येत नाही. माझ्या लॅपटॉपवर असे ४३ तुकडे पडून आहेत. मध्यंतरी एका क्लासला नाव घातलं होतं. तिथे तयार लूप एकाखाली एक रचायला शिकवलं आणि शेवटी सर्टिफिकेट दिलं. कानाने काय ऐकायचं हे कुणी एका शब्दाने सांगितलं नाही.

एक प्रसंग सांगतो. माझ्या एका ट्रॅकमध्ये किक मधेच बारीक व्हायची. चार ठोके दणदणीत, पाचवा पोकळ, मग दोन ठीक, पुन्हा एक मेलेला. आवाज वाढवला, तर दणदणीत होते ते आणखी दणदणीत झाले आणि पोकळ ते पोकळच राहिले. दोन दिवस असे गेल्यावर माळ्यावरून जुना ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लाट पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र, काढला आणि लॅपटॉपच्या हेडफोनच्या पिनमधून त्याला वायर जोडली. पडद्यावर चोर सापडला. किकचा आवाज वरून घसरत येऊन ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० कंपनांच्या) आसपास थांबत होता आणि बेसचा सूर होता ४९ चा. सिंथचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या सूर काढणाऱ्या वाद्याचा, ऑसिलेटर (लाट निर्माण करणारा भाग) मोकळा फिरत असल्यामुळे बेसचा प्रत्येक सूर लाटेच्या वेगळ्याच जागेपासून सुरू व्हायचा. कधी दोन्ही लाटा एकदम वर जायच्या; कधी एक वर, दुसरी खाली, की दोघी एकमेकींना खाऊन टाकायच्या आणि पडद्यावरची रेघ जवळजवळ सपाट. सिंथमध्ये रीट्रिगर नावाची, दर सुराला लाट एकाच जागेपासून सुरू करणारी, एवढीशी खूण होती. ती चालू केली, लाट कुठून सुरू व्हावी ते थोडं सरकवलं, आणि सगळे ठोके सारखे वाजू लागले. किक पडली की बेस क्षणभर दबावा, यासाठी साइडचेन लावतात ते मी नंतर शिकलो. आधी तेच शिकलो असतो तर दुखणं झाकलं गेलं असतं, कळलं नसतं.

हे काम बटणाने झालं, कबूल. पण कोणतं बटण हे कळायला दोन दिवस आणि एक ऑसिलोस्कोप लागला.

मग भाचीने तोच ट्रॅक फोनवर लावला, आणि बेस गायब! एवढ्याशा स्पीकरमधून ५० हर्ट्झ निघणार कुठून? हे तर मला ठाऊक असायला हवं होतं. बेसला थोडा फाटका आवाज दिला, म्हणजे सॅच्युरेशन केलं, की त्याच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचे सूर वर उमटतात, आणि ते ऐकून कान खालचा मूळ सूर स्वतःच भरून काढतो. मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र केलेला ट्रॅक, हळू आवाजात तपासायची सवयही तेव्हापासून लावून घेतली. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. आमच्या ॲम्प्लिफायरवरचं 'लाउडनेस'चं बटण त्याच्यासाठीच असायचं. उलट आवाज मोठा केला की कुठलंही मिक्स बरंच वाटतं, आणि माणूस फसतो.

यंत्राचा आवाज नकली, असंही त्या पत्रात होतं. रोलँडचं १९८० चं टीआर-८०८ हे ड्रम मशीन खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती. त्यातली खास सळसळ आली ती मुद्दाम निवडून घेतलेल्या सदोष ट्रान्झिस्टरांमधून. पुढे ट्रान्झिस्टर सुधारले, सदोष माल मिळेना, आणि १९८३ मध्ये ते यंत्र बनवणंच थांबलं. जन्मभर खरखरणारे ट्रान्झिस्टर केराच्या डब्यात टाकलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल, कल्पना करा.

आता त्या नवव्या बारचं. मिनिटाला १२८ मात्रांच्या लयीत सोळा बार बरोबर ३० सेकंदांचे होतात, त्यामुळे हिशेब सोपा. एक आवडता ट्रॅक घेतला, वहीत आठ-आठ बारांचे रकाने आखले आणि किक, बेस, क्लॅप, हॅट कुठे येतात, कुठे जातात त्याच्या पेन्सिलीने खुणा केल्या. ज्या जागी अंगावर काटा यायचा तिथे नवीन काहीच आलेलं नव्हतं. आधीच्या सोळा बारांत किक आणि बेस काढून घेतले होते, ते परत आले होते इतकंच. माझा ड्रॉप, म्हणजे किक-बेस परत येण्याचा तो क्षण, का लागत नव्हता ते तेव्हा उमगलं. माझ्याकडे सगळी मंडळी पहिल्यापासून एकदम बोलत होती. गप्प कुणीच बसत नव्हतं.

आपल्या पुरवणीत दर आठवड्याला नव्या सॉफ्टवेअरची ओळख येते. तेवढ्या जागेत कधीतरी असा एखादा ट्रॅक रकाने पाडून छापावा, एवढी विनंती. पेन्सिल वाचक आपली आणतील.

ते ४३ तुकडे म्हणाल तर त्यातले दोन पुरे झाले आहेत. तिसऱ्याचा ब्रेकडाउन, म्हणजे किक-बेस गप्प असतात तो भाग, सोळा बारांचा आहे आणि भाची म्हणते, मामा, लांबतोय. आज रात्री आठ करून बघणार आहे.

आपला,
एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक