मनू, क्लबात सांगितलंस का?

मेलबर्न
शनिवार, १५ मार्च २०२५

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

आपण जिंकलो, आपलं रिचमंड जिंकलं. तुला कळलंच आहे, एक पिवळं आणि एक काळं हार्ट आलं तुझं रात्री. त्यापुढे काही नाही. फोन केला तर पुन्हा बुधवारच्याच विषयावर जाऊ आपण, म्हणून लिहायला बसलोय. बुधवारचं या पत्रात काढणार नाही असं तुझ्या आईला कबूल केलंय. तेव्हा मॅचचंच लिहितो.

गुरुवारी होळी होती. आईनं मागच्या अंगणात कुंडीत कापूर पेटवला, नैवेद्य दाखवला आणि मला चार वाजताच वाढलं. आत्याचा व्हिडिओ कॉल आला तर मी पिवळा-काळा मफलर गळ्यात घालून पुरणपोळी खातोय. ती म्हणाली, सणाच्या दिवशी निघालास का रे? मी म्हटलं, अगं, इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सीझनची आपली पहिली मॅच आहे, समोर कार्लटनची टीम आहे, आज नाही तर कधी. तिला नाही कळायचं. तुला कळतं. म्हणूनच तू आली नाहीस हे मला जड गेलं.

तुझी सीट मी कुणाला दिली नाही. पुढच्या रांगेतल्या आजींनी विचारलंच, पोरगी कुठाय म्हणून. नाइट ड्यूटी आहे म्हणालो. तू मला तेच सांगितलं होतंस. पण मनू, तुझी ड्यूटी खरंच होती का, की डोकं दुखत होतं? एमसीजी स्टेडियमचे दिवे आणि ८० हजार माणसांचा आवाज सोसणार नाही असं वाटलं का तुला? एवढंच विचारतो आणि पुढे जातो.

गेल्या वर्षी २३ सामन्यांत २ विजय, तळाचा अठरावा नंबर. आपला डस्टी मार्टिन निवृत्त झाला. बोल्टन फ्रीमँटलच्या टीमला गेला, रिओली गोल्ड कोस्टला, बेकर आणि ग्रॅहम दोघंही वेस्ट कोस्टला. उरली ती कोवळी पोरं. ट्रेनमध्ये कार्लटनची माणसं आमच्याकडे असं बघत होती की जणू मयताला निघालोय आम्ही. आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये तसंच दिसायला लागलं. ४१ गुणांनी मागे. माझ्या डाव्या बाजूचा माणूस बॅग आवरायला लागला. मी नाही आवरली. पहिल्या मॅचला उठून जायचं नसतं, हे तुला लहानपणापासून सांगत आलोय.

मग काय झालं ते नीट सांगता येणार नाही. कुणी एकानं मॅच फिरवली असं नव्हतं. टॅकल बसायला लागले. नॅनकर्व्हिस रुकला, वर उडवलेल्या बॉलसाठी झेप घ्यायला, उभा राहिला की आपल्या पोरांच्या छात्या पुढे यायला लागल्या. कार्लटनचा बॉल आत येईना आणि आपल्या किका चुकेनात. शेवटी आपले सहा-सहा गुणांचे १३ गोल आणि फक्त ४ बिहाइंड, म्हणजे बाजूला गेलेल्या एकेका गुणाच्या किका, त्यांचे १० गोल आणि ९ बिहाइंड. ८२ विरुद्ध ६९. गोष्ट त्या नेमकेपणातच आहे बघ. सायरन झाला तेव्हा आजींनी मागे वळून माझे दोन्ही हात धरले.

आणि तो सॅम लॅलर! तुझ्या बॅलराटजवळच्या बंगारीचा पोरगा, १८ वर्षांचा, ड्राफ्टमध्ये, नव्या पोरांच्या निवडीत, पहिल्या नंबरनं घेतलेला, त्याची ही पहिलीच मॅच. मोठ्या माणसांच्या गर्दीत असा शिरतो की जन्मापासून तिथंच आहे. पण खरं सांगतो, मला त्याचा खेळ धड बघता आला नाही. सराव सामन्यांच्या दिवसांत त्याच्या जबड्याचं हाड मोडलं होतं. बॉल त्याच्याकडे गेला की मी बॉल सोडून त्याचं तोंड बघत होतो. कुणाचा खांदा येतोय, कुणाचा गुडघा येतोय. याची आई कुठल्या स्टँडमध्ये बसली असेल, काय होत असेल तिला. तिकडे कार्लटनचा जॅगा स्मिथ, तोही याच ड्राफ्टमधला, तिसऱ्या नंबरचा, त्याचं सीझन सुरू होण्याआधीच गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. वर्ष गेलं पोराचं. गुडघा दिसतो, स्कॅनमध्ये कळतो, शिवता येतो. डोक्याचं तसं नसतं.

आलोच बघ त्याच्यावर.

लिहूनच टाकतो, मनात ठेवून मॅचचंही धड लिहिता येत नाहीये. तू बुधवारी म्हणालीस, ‘बाबा, एका धक्क्यानं सीटीई होत नाही, मी नर्स आहे, मला शिकवू नका.’ बरोबर आहे तुझं. डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या धक्क्यांनी होतो तो मेंदूचा रोग. मी त्याबद्दल बोलत नव्हतोच. मी एवढंच विचारत होतो की तुझ्या क्लबाच्या सराव सामन्यात खेळताना पडल्यावर तुला मिनिटभर काही दिसत नव्हतं, हे तू आईला सांगितलंस, पण क्लबातल्या ट्रेनरला सांगितलंस का? कोचला? डॉक्टरला? तू म्हणालीस, ‘बघते.’ आणि फोन ठेवलास.

डोक्याला असा मार बसला की मोठ्या लीगमध्ये कमीत कमी १२ दिवस बाहेर बसवतात, कारण तिथं प्रत्येक टीमचा डॉक्टर रोज तपासतो. तुमच्यासारख्या गावाकडच्या क्लबांना गेल्या वर्षीपासून २१ दिवस केलेत, आणि त्यातही सगळी लक्षणं जाऊन १४ दिवस झाल्याशिवाय अंगाला अंग लागेल असा सरावही नाही. हे दिवस सुरू कधी होणार? तू सांगशील तेव्हा ना? तू सांगितलंच नाहीस तर नोंद नाही, नोंद नाही तर २१ दिवस नाहीत, आणि एप्रिलमध्ये तू सरळ पहिल्या मॅचला उतरशील, कारण टीममध्ये मुली कमी आहेत आणि तुला वाटतं तुझ्यावाचून अडेल. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर काय होतं हे तू वॉर्डात बघतेस, मी फक्त वाचलंय. नर्स आहेस म्हणून तर जास्त काळजी वाटते, तुम्ही दुसऱ्याला झोपवता आणि स्वतः उभ्या राहता.

पुन्हा भाषण झालं. रागावू नकोस. आई म्हणते हा माणूस पत्रातसुद्धा आवाज चढवतो.

तुला आपला जुना खेळाडू शेन टक आठवतो? लहान होतीस, पण आठवत असेल. पंट रोडच्या मैदानावर टीमचं ट्रेनिंग बघायला गेलो होतो तेव्हा तुझ्या टोपीवर सही केली होती त्यानं. मी या देशात आलो तेव्हा टीम कुठली धरायची ते मला कळत नव्हतं. ऑफिसातला एक जण मॅचला घेऊन गेला, आणि मला दिसला तो हा माणूस. देखणं काही नाही, धावण्यात चमक नाही, पण ढिगाखालून बॉल काढून आणायचा तो. दर वेळी. डोकं खाली घालून. मी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर आपला नेहमीचा फुटबॉल बघत वाढलेला माणूस, पाटाकडील आणि शिवाजी पेठेच्या मॅचला भिंतीवर बसून घसा बसवलेला. असा खेळाडू आमच्याकडे पेठेचा जीव असतो. त्याच दिवशी ठरलं, ही आपली टीम. नऊ वर्षं, कधी हरत कधी जिंकत, मी त्याला बघितलं. १७३ सामने खेळला आपल्यासाठी.

तुझे लहान काकाही तसेच होते. एकदा हवेतल्या बॉलवर दोघांची डोकी आपटली, काका पडले, उठले, कुणीतरी रुमाल बांधला आणि ते परत मैदानात. काय तो जल्लोष! रुमाल लाल होत होता आणि सगळी पेठ त्यांचं नाव घेत होती. आजीनं रात्री हळद लावली. डॉक्टरचं नावही कुणी काढलं नाही. तेव्हा मर्दपणा तोच होता.

जुलै २०२० मध्ये टक गेला. ३८ वर्षांचा. आपण सगळे लॉकडाऊनमध्ये घरात होतो, मी बातमी बघून स्वयंपाकघरात येऊन बसलो, तू चहा केलास आणि काही विचारलं नाहीस. नंतर सिडनीच्या ब्रेन बँकेत तपासलं तेव्हा त्याच्या मेंदूत तीव्र सीटीई निघाला. माणूस गेल्यावरच पक्का कळतो हा रोग. त्याच्या आधीच्या वर्षी डॅनी फ्रॉली गेला होता, २००० ते २००४ आपला कोच होता तो, त्याच्याही मेंदूत तेच. दोघं माझ्या टीमचे, मनू. गुरुवारी ४१ गुणांनी मागे असताना आपली पोरं डोकं खाली घालून ढिगात शिरत होती, सगळं स्टेडियम ओरडत होतं, मीही ओरडत होतो, आणि मला टक दिसत होता. आता दर मॅचला दिसतो. मॅच बघणं मी सोडणार नाही, ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. पण तू ढिगात शिरतेस ते मला पूर्वीसारखं बघता येत नाही.

आईचं वेगळंच चाललंय. ती हेल्मेट मागवायचं म्हणतेय. तिनं कुठंतरी हेदर अँडरसनचं वाचलं. अ‍ॅडलेडच्या मुलींनी २०१७ साली पहिली प्रीमियरशिप जिंकली त्या टीममधली. सैन्यात मेडिक होती. तिच्या आईला नीट दिसत नसे, म्हणून मैदानात लेक ओळखू यावी यासाठी ती भडक गुलाबी हेल्मेट घालायची. २८ व्या वर्षी गेली, आणि तिच्याही मेंदूत सीटीई होता. जगात व्यावसायिक खेळाडू स्त्रीमध्ये पहिल्यांदाच सापडला तो. आई तो फोटो सारखा उघडून बघते. मी तिला सांगितलं, त्या मऊ हेल्मेटनं खरचटणं वाचतं, कवटीच्या आत मेंदू हलायचा तो हलतोच. ती म्हणाली, मग ती कशानं वाचेल ते सांगा. मी म्हटलं, सांगितल्यानं. क्लबात सांगितल्यानं.

तू खेळूच नकोस असं मी म्हणत नाहीये, हे नीट वाच. बुधवारी तसं ऐकलंस तू, पण मी म्हणालो नव्हतो. पहिल्यांदा तू मार्क घेतलास, दोन पोरींच्या खांद्यांवरून उंच बॉल झेललास, तो व्हिडिओ मी कोल्हापूरला सगळ्यांना पाठवला होता. आत्याला नियम कळत नाहीत, तरी तिनं तो कॉलनीभर दाखवला. आमच्या घरातल्या बाईमाणसानं मैदानाची दोरी ओलांडली नव्हती, प्रेक्षक म्हणूनसुद्धा. आणि तू मध्यभागी उभी राहून टीमला ओरडून जागा सांगतेस. २०१३ ला कार्लटननं आपल्याला फायनल्समधून घालवलं तेव्हा ट्रेनमध्ये रिचमंड स्टेशनपासून सनशाइनपर्यंत रडत आलेली तू, आणि २०१७ ला दसऱ्याच्या दिवशी आपण ग्रँड फायनल जिंकलो तेव्हा आपट्याची पानं नाहीत म्हणून बाभळीसारखी कसलीतरी पानं तोडून स्वॉन स्ट्रीटवर अनोळखी माणसांना सोनं म्हणून वाटणारी तू. एक पोलीसही पान खिशात ठेवून गेला. ३७ वर्षांनी आलेली प्रीमियरशिप होती ती. माझ्या आयुष्यात त्या दिवसासारखा दिवस नाही, आणि तो तुझ्यामुळे आहे. मला अजून असे दिवस हवेत, तुझ्याबरोबर, आणि तू त्यातलं काही विसरायला नको आहेस. भीती ती आहे. बुधवारी हे बोलता आलं नाही, म्हणून नियम आणि दिवस सांगत बसलो.

लॅलर या वयात जबडा मोडल्यावर आधी थांबला, डॉक्टरांनी सोडलं तेव्हाच उतरला. एवढाच फरक आहे. त्याच्याभोवती थांबवणारी माणसं आहेत. तुझ्या क्लबात एक ट्रेनर आहे आणि तीही कुणाची तरी आई आहे, सॉसेज भाजता भाजता पट्ट्या बांधणारी. तिला आपणहून कळणार नाही. सोमवारी सरावाला जाशील तेव्हा जाऊन सांग. न खेळता टीमबरोबर बाकावर बसलीस तर तुझी किंमत कमी होत नाही. तुझ्या जागी नवी पोरगी उतरेल, चुकेल, शिकेल. गुरुवारी आपली अर्धी टीम तशीच होती आणि जिंकली.

रविवारी सकाळच्या ट्रेननं मी बॅलराटला येतोय. तू गाडी चालवत स्टेशनवर येऊ नकोस, मी चालत येईन, थंडी असली तरी. आईनं पुरणपोळ्या फ्रीझ करून ठेवल्यात, कटाची आमटी वेगळ्या डब्यात. तुझं मेंबरशिप कार्डही आणतो. तुझ्या डॉक्टरची वेळ सोमवारची मिळाली तर मी राहीन तिथं, सुट्टी टाकलीय. आत बरोबर येणार नाही, बाहेर बसेन. मिळाली नाही तर आपण दोघं बसून पूर्ण मॅच परत बघू, पडद्याचा उजेड कमी करून, आणि तुझं डोकं दुखायला लागलं तर बंद करू.

दादाला यातलं काही बोललो नाहीये. तूच सांग त्याला.

तुझा,
बाबा

ता. क. आईनं शेवटी ते हेल्मेट मागवलंच. गुलाबी. आलं की घालून बघ, तिला फोटो पाठव, आणि तिच्यापुढे वाद घालू नकोस. पण ट्रेनरशी बोलणं झालं की मला रात्री कितीही वाजता एक ओळ टाक.